होडीच्या आकाराचं घर: पार्श्वभूमी

कोकण किनाऱ्यावरच्या वाड्यांमधून गेल्या काही वर्षांत पर्यटकांसाठी ज्या खोल्या उभ्या राहिल्या, त्यांत होडीच्या आकाराच्या आहेत, शंखाच्या आहेत, एखादी पालथ्या टोपलीसारखी आहे. गावात यावर दोन मतं पडतात. एक म्हणतं, चिरा आणि कौल सोडून हे काय भलतंच सुरू केलंत. दुसरं म्हणतं, जगभर अशा इमारती बघायला लोक तिकीट काढून जातात, मग आपणच का मागे राहायचं. दोन्हीकडची माणसं 'जगातल्या कल्पक इमारती' हे एकच गाठोडं धरून भांडतात. त्या गाठोड्यात नेमकं काय काय बांधलेलं आहे, ते सोडून बघायला हवं.

हौस जुनीच आहे. अमेरिकेत न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर १८८१ मध्ये जमिनीचे प्लॉट खपावेत म्हणून लाकडी सांगाड्यावर पत्रा ठोकून ६५ फूट उंच हत्ती उभा केला गेला. तो आजही आहे आणि पायातल्या जिन्यानं त्याच्या पोटात चढता येतं. त्याच सुमारास, १८७९ मध्ये, फ्रान्समधल्या एका खेड्यात पोस्टमनला टपाल वाटताना दगडाची ठेच लागली. दगड वेगळाच दिसला म्हणून त्यानं तो जपून ठेवला. पुढची ३३ वर्षं वाटेतले दगड वेचून त्यानं एकट्यानं एक महाल रचला. आपल्याकडे १९१० मध्ये रत्नागिरीत ब्रह्मदेशच्या पदच्युत राजासाठी उतरत्या छपरांचा, अर्धगोल नक्षीदार लाकडी खिडक्यांचा वाडा उभा राहिला. त्यालाही त्या काळी कुणी 'इथला' म्हटलं नसेल. आज रत्नागिरीला आलेला पाहुणा तो बघितल्याशिवाय परत जात नाही.

मात्र लाकूड, दगड, पत्रा यांतून हवा तो आकार सहजासहजी मिळत नाही. चिऱ्यातून तर नाहीच. चिरा खाणीतून निघतो तो चौकोनी. ओला असताना तासता येतो, वाऱ्यावर कडक होतो. भार घेतो, पण ताण सोसत नाही. गोलाकार पोट काढायला वेगळं साहित्य लागलं आणि ते होडीमुळे मिळालं. दक्षिण फ्रान्समधल्या एका जमीनदारानं १८४८ मध्ये तारेच्या जाळीवर सिमेंट लिंपून छोटी होडी केली. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात ती लोकांनी पाहिली. गज घातलेल्या काँक्रीटच्या इतिहासात ही होडी अगदी सुरुवातीला येते. जवळजवळ शंभर वर्षांनी, १९४६ मध्ये, एका इटालियन अभियंत्यानं याच रीतीनं १६५ टनांचं जहाज बांधलं. त्याच्या अंगाची जाडी जेमतेम साडेतीन सेंटिमीटर होती. लगेच पुढच्या काळात त्यानं तीच रीत ट्युरिनच्या प्रदर्शनगृहाच्या छपराला वापरली. म्हणजे ज्या घराला आपण 'होडीसारखं' म्हणून नावं ठेवतो, त्याचं साहित्यच होडीतून पुढे आलं.

आता त्या शब्दाकडे येऊ, ज्यानं या विषयाचा सगळ्यात जास्त गुंता केला. तो शब्द म्हणजे 'बदक'. वास्तुकला शिकलेली मुलं आकारी इमारतीला सर्रास बदक म्हणतात, आणि म्हणताना नाक मुरडतात. हे बदक खरोखरच आहे. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर बदकं पाळणाऱ्या एका शेतकऱ्यानं १९३१ मध्ये ते रस्त्याकडेला बांधून घेतलं: लाकडी सांगाडा, त्यावर जाळी, वर सिमेंट. उंची २० फूट, लांबी ३० फूट, डोळ्यांच्या जागी फोर्ड मोटारीचे मागचे दिवे. आत बदकं आणि अंडी विकायची. पाटी लावायची गरजच नव्हती. चार दशकांनी, १९७२ मध्ये, तीन अमेरिकी वास्तुकारांनी लास व्हेगासवरच्या पुस्तकात इमारतींचे दोन प्रकार पाडले. जिचं सगळं अंगच पाटी झालेलं असतं, ती 'बदक'. साधी पेटी बांधून वर पाटी किंवा नक्षी लावली, तर ती 'सजवलेली शेड'.

लेखकांचा कल शेडकडे होता, एवढं सगळे सांगतात. त्यांचा रोख कुणावर होता, ते मात्र विसरलं जातं. रस्त्याकडेच्या दुकानदारावर त्यांचा राग नव्हताच. उलट अशा इमारतींकडे बघून शिका, असंच ते सांगत होते. त्यांचा मारा होता त्या काळच्या मानमरातबाच्या वास्तुकारांवर. तुम्ही नक्षी पुसून टाकलीत, पण अख्खी इमारतच दागिना करून ठेवलीत, बदक तर तुमचंच आहे, असं त्यांचं म्हणणं. पुढे शब्द तेवढा राहिला आणि रोख गळून पडला. शेरा मारला होता बड्यांना, तो चिकटला अंडी विकणाऱ्याच्या दुकानाला. आज आमच्या भागात एखाद्या बाईनं घरामागे होडीच्या आकाराची खोली बांधली, की शहरातून आलेला शिकलेला माणूस तोच शब्द तिला ऐकवतो. हे मला अन्यायाचं वाटतं.

या एका शब्दानं तीन निरनिराळ्या गोष्टी एकाच मापानं मोजल्या जातात. पहिली, पाटी म्हणून घेतलेला आकार. ओहायोतल्या टोपल्या करणाऱ्या कंपनीचं १९९७ चं सातमजली टोपलीसारखं कार्यालय यातलं, आणि हैदराबादचं २०१२ मधलं माशाच्या आकाराचं मत्स्यखात्याचं कार्यालयही यातलंच. टोपलीवाली कंपनी २०१६ मध्ये तिथून निघून गेली, टोपली तेवढी मागे राहिली. दुसरी, कामातून निघालेला आकार. सिंधुदुर्गाचा तट नागमोडी आहे, तो हल्ला करणाऱ्यावर सगळीकडून मारा करता यावा म्हणून. तिसरी गोष्ट म्हणजे बघणाऱ्याला मागाहून दिसलेला आकार.

सिडनीचं ऑपेरा हाउस या तिसऱ्या जातीचं. लोकांना त्यात शिडं दिसतात. १९५७ मध्ये निवडलेलं चित्र हातानं काढलेल्या वळणांचं होतं. त्यातली छपराची प्रत्येक पाकळी वेगळी, म्हणजे प्रत्येकीला वेगळा साचा. अभियंत्यांची वर्षं त्या हिशेबातच गेली. १९६१ च्या सुमारास सुटका झाली ती अशी, की सगळ्या पाकळ्या ७५ मीटर त्रिज्येच्या एकाच गोलातून कापायच्या. मग साचे पुन्हा पुन्हा वापरता आले. वास्तुकाराचे वडील जहाजांची आखणी करणारे होते, हे इथे आठवतं. खर्च ७० लाखांवरून १० कोटी २० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरवर गेला, सरकारशी वाद होऊन वास्तुकार १९६६ मध्ये काम सोडून निघून गेला, आणि १९७३ मध्ये इमारत खुली झाली. तिला बदक म्हणणं मला पटत नाही. तिचं अंतिम वळण साच्याच्या हिशेबानं ठरलं.

आमच्याकडे होड्या बांधणारे एक मेस्त्री अशी एक होडीच्या आकाराची खोली बघायला आले, तेव्हा त्यांनी आधी पठाण, म्हणजे होडीच्या तळाचा कणा, कुठे आहे ते विचारलं. होडीत पहिलं लाकूड पठाणाचं पडतं, मग वाक, म्हणजे बरगड्यांसारखी वाकडी लाकडं, मग फळ्या. होडीचं पोट गोल होतं ते पाण्यासाठी. खोलीला पठाण नव्हता. सपाट स्लॅबवर जाळी वाकवून ठेवलेली होती. मेस्त्रींनी वाईट म्हटलं नाही. नाळेवरून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावरून, हात फिरवला आणि वळण चांगलं साधलंय म्हणाले.

कोकणात हे सगळं आलं ते उशिरा आणि घाईनं. १९९१ च्या किनारा नियमांनी गावठाणाबाहेर भरतीरेषेपासून २०० मीटर मोकळे ठेवले. त्यापलीकडे ९ मीटर उंची आणि दोन मजल्यांची मर्यादा घातली. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा झाला, १९९८ मध्ये रेल्वे पूर्ण धावू लागली. गिऱ्हाईक वाढलं, उंची वाढवायची सोय नाही, तेव्हा वेगळेपण आकारात शोधलं गेलं, असं मला वाटतं. २०१९ च्या नियमांनी दाट वस्तीच्या गावांत तेच २०० मीटर ५० वर आणले, म्हणजे बांधकाम समुद्राच्या आणखी जवळ सरकलं. जून २०२० च्या निसर्ग वादळानं रायगड-दापोलीकडची कौलं आणि पत्रे उडवले. त्यानंतर जाळी-सिमेंटच्या बाजूनं एक बिनतोड मुद्दा मिळाला: हे उडणार तरी नाही.

खारा वारा मात्र कुणी हिशेबात धरला नाही. मीठ सिमेंटमधून आत शिरतं आणि तार गंजते. गंजलेलं लोखंड मूळच्यापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतं, म्हणून वरचा पापुद्रा फुटतो. जहाज बांधणारा तो इटालियन अभियंता साडेतीन सेंटिमीटरमध्ये जाळीवर जाळी दाबून घट्ट मसाला भरत होता. आमच्याकडे एकच जाळी आणि वाळूचा पातळ गिलावा. मुरुडसमोर पद्मदुर्गावर याच हवेनं दगड खाल्ला आहे, पण मधला चुना जाळीसारखा उभा आहे.

मेस्त्रींनी बघितलेल्या त्या खोलीच्या नाळेखाली पहिल्या पावसाळ्यानंतरच तपकिरी ओघळ आले. दुसऱ्या वर्षी बोटभर रुंद चीर पडली. तिथला पापुद्रा हातानं काढता येत होता आणि आत तारेच्या जागी लाल भुकटी होती. खरवडून, ब्रश मारून, गंजरोधक रंग लावून पुन्हा लिंपलं. यंदा दिवाळीआधी तेच काम दुसऱ्यांदा झालं. खोली जिच्यावर बसली आहे ते चिऱ्याचं जोतं त्याच जागेवरच्या जुन्या गोठ्याचं आहे. त्याला या वर्षी फक्त शेवाळ काढून घेतलं.