कॅफे की रेस्टॉरंट? परवान्यांचे अर्ज भरण्याआधी हे वाचा

पाटीवर ‘कॅफे’ लिहा नाहीतर ‘रेस्टॉरंट’, त्यावरून परवाना ठरत नाही. कुलाब्याच्या लिओपोल्डच्या नावातच कॅफे आहे, पण तिथे पोटभर जेवणही मिळतं आणि बिअरही. काय शिजवणार, कुठे शिजवणार आणि दारू देणार का, यावर सगळं अवलंबून असतं. म्हणून आधी मेनू पक्का करा, मग जागेचा करार. घाईत जागा घेऊन नंतर परवान्यासाठी अडकलेल्यांचं फार नुकसान होतं.

अन्नसुरक्षेची नोंदणी किंवा परवाना दोघांनाही लागतो. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली तो बंधनकारक आहे. अर्ज ‘फॉसकॉस’ या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या पोर्टलवर भरायचा. उलाढाल कमी असेल तर नोंदणी, जास्त असेल तर परवाना. सध्याची मर्यादा पोर्टलवरच बघून घ्या. नोंदणीचं काम फोटो, ओळखपत्र आणि जागेच्या पुराव्यावर होतं. परवान्यासाठी मात्र स्वयंपाकघराचा मोजमापांसह नकाशा, यंत्रांची यादी, भाडेकरार, पाणी तपासणीचा अहवाल आणि अन्नसुरक्षा व्यवस्थापन आराखडा तयार ठेवा. नकाशा प्रत्यक्ष जागेशी जुळलाच पाहिजे, तपासणीला येणारा अधिकारी तो हातात घेऊनच फिरतो. मिळालेला चौदा अंकी क्रमांक बिलावर छापावा लागतो.

मुंबईत याशिवाय महापालिका कायद्याच्या कलम ३९४ खालचा आरोग्य परवाना काढावा लागतो. जीएसटीत दोघांत फरक नाही: राहण्याच्या हॉटेलात नसलेल्या कॅफेला आणि रेस्टॉरंटला ५ टक्केच, इनपुट क्रेडिटशिवाय, म्हणजे खरेदीवर भरलेला कर वजा करता येत नाही. एसी, नॉन-एसी हा भेद नोव्हेंबर २०१७ मध्येच गेला.

खरा फरक पडतो तो चुलीपाशी. कॉफी मशीन, ओव्हन, सँडविच ग्रिल एवढ्यावर चालणाऱ्या कॅफेचं बरंचसं काम विजेवर होतं. तंदूर आणि मोठ्या शेगड्या आल्या की गॅस, धुराडं आणि अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला हे सगळं जड होतं. व्यावसायिक सिलिंडर १९ किलोचा. पाच ठेवले तर ९५ किलो, सहावा आला की १०० किलोची मर्यादा ओलांडली आणि साठवणुकीचा वेगळा परवाना लागला. आगरोधक यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं. डिसेंबर २०१७ मध्ये कमला मिलच्या आगीत १४ जण गेले. या दाखल्यांत कोणीही काटकसर करू नये.

दारू द्यायची असेल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे जा. परमिट रूमसाठी एफएल-३ परवाना लागतो. कॅफेत हुक्का ठेवायचा विचार मात्र सोडून द्या, महाराष्ट्रात २०१८ पासून हुक्का पार्लरवर बंदी आहे.

कॅफेवाल्यांसाठी आणखी एक. स्वतःच्या कुकीज पाकीटबंद करून दुसऱ्या दुकानांना पुरवणार असाल, तर तो उत्पादनाचा व्यवसाय झाला. अर्ज भरतानाच तोही प्रकार निवडा.