कोकण किनाऱ्यावरील सूक्ष्मप्लास्टिक

पाच मिलिमीटरपेक्षा लहान प्लास्टिकच्या तुकड्यांना, तंतूंना आणि दाण्यांना सूक्ष्मप्लास्टिक म्हणतात. २००४ मध्ये रिचर्ड थॉम्पसन आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला, त्यानंतर ही संज्ञा रूढ झाली. काही कण मुळातच बारीक असतात. कारखान्यात वस्तू ओतण्यासाठी लागणारा, धंद्यात नुसता ‘दाणा’ म्हणून ओळखला जाणारा कच्चा माल हा त्यातलाच. मे २०२५ मध्ये केरळजवळ ‘एमएससी एल्सा ३’ हे मालवाहू जहाज बुडाले, तेव्हा असाच दाणा तिरुवनंतपुरमच्या किनाऱ्यांवर येऊन पसरला. बाकीचे कण पिशव्या, बाटल्या, थर्माकोल, कपडे, बोटींचा रंग आणि जाळी झिजून तयार होतात.

कोकणात या प्रदूषणाचे वेळापत्रक पाऊस ठरवतो. सह्याद्रीतून निघालेल्या वाशिष्ठी, सावित्री, कुंडलिका यांसारख्या नद्या आखूड आणि उताराच्या आहेत. वर्षाचा बहुतेक पाऊस चार महिन्यांत पडतो आणि गटारे, ओढे, बाजारपेठा, कचराकुंड्या सगळे धुऊन खाडीत नेतो. पूर ओसरला की काठावरच्या झाडांना पिशव्या लटकलेल्या दिसतात. कांदळवनाच्या मुळांतही बराच कचरा अडकतो आणि तिथेच पुढे त्याचा चुरा होत राहतो. पावसाळ्यात किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो, त्यामुळे मुंबईच्या खाड्यांतून बाहेर पडलेले प्लास्टिक रायगड-रत्नागिरीकडे सरकू शकते. हिवाळ्यात हा प्रवाह उलटतो.

मोजणीत मात्र नेमका पावसाळाच निसटतो. पृष्ठभागावरचे कण बोटीमागे ओढायच्या, साधारण ०.३ मिलिमीटर छिद्रांच्या मॅन्टा जाळ्याने गाळतात. खवळलेल्या समुद्रात हे जाळे नीट ओढता येत नाही. शिवाय जोराचा वारा असला की लाटा कण खाली ढवळतात. वरचा आकडा घटतो, प्लास्टिक तेवढेच राहते. जाळ्याच्या छिद्रांहून बारीक तंतू त्यांतून निघून जातात. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन खाऱ्या पाण्यापेक्षा हलके म्हणून तरंगतात. नायलॉन, पीव्हीसी आणि बाटल्यांचे ‘पेट’ नावाचे प्लास्टिक जड, ते तळाकडे जातात. तरंगणाऱ्या कणांवर शेवाळ, शिंपल्यांची पिल्ले बसली की तेही बुडतात. म्हणून पृष्ठभागावरचा आकडा कमी आला एवढ्यावरून किनारा स्वच्छ ठरवणे चूक आहे.

मासे आणि शिंपले हे कण अन्नासोबत गिळतात. तारली आणि बांगडा पाणी गाळून प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, खातात, पण बांगडा साफ करताना आतडे निघून जाते. जवळा मात्र अख्खाच वाळतो आणि अख्खाच खाल्ला जातो. तिसऱ्या, कालवे हेही आतड्यासकट खाल्ले जातात. किनाऱ्यावरच्या गरीब घरात पावसाळाभर हाच सुका जवळा कामी येतो, त्यामुळे कोकणातल्या तपासण्यांत त्याला बांगड्याच्या आधी जागा मिळायला हवी.

महाराष्ट्राने २०१८ मध्ये पिशव्यांवर बंदी घातली, केंद्राने १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या काही वस्तूंवर. मासेमारीची जाळी आणि दोर या याद्यांत नाहीत. पूर्वी जाळी सुताची, तागाची असत आणि कुजून जात. आज ती नायलॉनची, दोर पॉलिप्रॉपिलीनचे. उन्हात तापलेल्या पुळणीवर पडलेला निळा दोर हातात चोळला तर बोटांना धाग्यांचा भुसा लागतो. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते. बोटी वर ओढल्या जातात, मच्छीमार जाळी सांधायला बसतात आणि कापलेले तंगूस (नायलॉनचा धागा), दोरांचे तुकडे बंदरावरच साचतात, ऐन पावसाच्या तोंडावर. हे तुकडे त्याच आठवड्यांत वजनावर विकत घेणारी सोय प्रत्येक बंदरावर हवी. मोठे असतानाच ते हाताने उचलता येतात.