वायरचे आवरण आणि शिसे : पीव्हीसीच्या उष्णतास्थैर्याची पार्श्वभूमी

कोकणातल्या कौलारू घरात माळ्यावरून नेलेली वायर वैशाखात तापलेल्या कौलांखाली भाजून निघते आणि पुढचे चार महिने दमट, खाऱ्या हवेत राहते. जुने वायरिंग उतरवताना वाकवलेल्या वायरचे आवरण टरफलासारखे तडकते आणि आतले तांबे हिरवे पडलेले दिसते. हे आवरण किती वर्षे टिकावे, हे मुख्यतः प्लास्टिकमध्ये मिसळलेल्या पूरक द्रव्यांवर ठरते.

आज वायरचे आवरण बहुधा पीव्हीसी (पॉलिव्हिनाइल क्लोराइड) या प्लास्टिकचे असते; त्याच्या आधी वायरवर गंधक घालून पक्के केलेले रबर असे. गंधकाने तांबे काळवंडू नये म्हणून तारेला कथिलाची कल्हई करत. जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑयगेन बाउमान यांनी १८७२ मध्ये पीव्हीसीची नोंद केली, पण तापवल्यावर ते मऊ होण्याआधीच विघटित होऊ लागे, त्यामुळे अर्धशतक ते निरुपयोगीच राहिले. १९२६ मध्ये अमेरिकेत गुडरिच कंपनीतील वाल्डो सेमन यांनी ते लवचीक करून दाखवले आणि दुसऱ्या महायुद्धातील रबरटंचाईने त्याला केबलमध्ये कायमची जागा मिळवून दिली.

रत्नागिरीजवळ रनपारला १९९४ पासून पीव्हीसीची राळ तयार होते. अशी पांढरी भुकटी नुसती तापवून वायरवर चढवता येत नाही. सुमारे शंभर अंशांपुढे तिच्यातून हायड्रोजन क्लोराइड हा आम्लधर्मी वायू सुटू लागतो, आणि आवरण चढवताना तर तापमान १६० अंशांच्या वर न्यावे लागते. सुटलेले आम्ल पुढील विघटनाला आणखी वेग देते, म्हणून माल आधी पिवळा, मग तपकिरी आणि शेवटी काळा पडतो. म्हणून तिच्यात स्थिरक, म्हणजे उष्णतेने होणारे विघटन रोखणारे द्रव्य, मिसळतात. त्याचे पहिले काम हे आम्ल जागच्या जागी पकडण्याचे.

या कामी शिशाचे क्षार, विशेषतः ट्रायबेसिक लेड सल्फेट, अनेक दशके वापरले गेले. ते स्वस्त होतेच. पण आम्ल पकडल्यावर तयार होणारे लेड क्लोराइड पाण्यात अगदी थोडे विरघळते, त्यामुळे ओलीतही आवरणाचा विद्युतरोध टिकतो. केबल उद्योगाने शिसे इतके उशिरा सोडले, त्यामागे मला हेच कारण अधिक खरे वाटते.

वापरातल्या वायरची कथा थोडी निराळी आहे. तिथे मऊपणा देणारे द्रव्य हळूहळू उडून जाते किंवा ऑक्सिजनने बिघडते. म्हणून कमी उडणारी ट्रायमेलिटेट द्रव्ये आणि ऑक्सिजनचा परिणाम रोखणारे अँटिऑक्सिडंट आले. भारतीय मानक ५८३१ सर्वसाधारण आवरणाला ७० अंश आणि उष्णतारोधक आवरणाला ८५ अंश मर्यादा घालते.

शिशाच्या विषारीपणामुळे युरोपातील उत्पादकांनी २०१५ अखेर ही स्थिरके बंद केली. भारतात शिशाच्या स्थिरकांवरचे २०२१ चे नियम पीव्हीसी पाइपांपुरते आहेत. पर्याय म्हणून आलेल्या कॅल्शियम-झिंक मिश्रणात झिंक क्लोराइड स्वतःच विघटन भडकवते आणि माल एकदम काळा पडतो. ते रोखण्यासाठी हायड्रोटाल्साइटसारखी आम्ल शोषणारी सहायक द्रव्ये घालावी लागतात.

शिसे असलेल्या जुन्या वायरी मात्र अजून माळ्यांवर आहेत. त्या उतरवल्यावर तांब्यासाठी परसात जाळल्या, तर इतकी वर्षे आवरणात बांधून ठेवलेले आम्ल आणि शिसे धुरातून आणि राखेतून थेट अंगणात येते.