मुखकर्करोगाची प्रकाशाधारित तपासणी

मुखकर्करोगाची प्रकाशाधारित तपासणी : तोंडातील कर्करोग व कर्करोगपूर्व बदल लवकर टिपण्यासाठी विशिष्ट प्रकाशात केली जाणारी पाहणी. २०२० साली जगभरात ओठ व तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे पावणेचार लाख नवे रुग्ण आढळले, त्यांपैकी सुमारे एक लाख पस्तीस हजार भारतातले होते. तंबाखू, गुटखा, विदर्भातला खर्रा, मिश्री ही त्यामागची ओळखीची कारणे.

या तपासणीची सर्वांत परिचित पद्धत स्वयंप्रतिदीप्तीची, म्हणजे प्रकाश पडल्यावर तोंडाचे अस्तर स्वतःच चमकण्याची. व्हेलस्कोप हे तिचे नावाजलेले उपकरण. अंधाऱ्या खोलीत साधारण ४०० ते ४६० नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा-जांभळा प्रकाश तोंडात टाकून डॉक्टर प्रकाशगाळकातून (फिल्टरमधून) पाहतात. निरोगी अस्तर फिकट हिरवे चमकते. ही चमक मुख्यतः अस्तराखालच्या कोलॅजन या तंतुमय प्रथिनाची आणि पेशींतल्या फ्लेविन द्रव्यांची. पेशी बिघडू लागल्या की कोलॅजनचे जाळे विस्कटते, नव्या रक्तवाहिन्या फुटतात, त्यांतले हिमोग्लोबिन प्रकाश शोषते आणि तेवढा भाग काळपट दिसतो. दुसऱ्या पद्धतीत सौम्य ॲसिटिक आम्लाने चूळ भरून निळसर-पांढऱ्या उजेडात पाहतात. त्यात संशयित भाग पांढरा उठून दिसतो.

खरी अडचण पुढे आहे. साधे तोंड आले असेल, दाताची कड गालाला घासत असेल किंवा हिरडीत रंगद्रव्य जास्त असेल, तरी भाग काळाच दिसतो. म्हणून काळपट जागा दंतवैद्याच्या छोट्या आरशाच्या पाठीने हलकेच दाबून पाहतात. चमक परतली, तर बहुधा साधी सूज. उलट जाड पांढरा चट्टा कधी कधी जास्तच चमकतो. गुटख्याने तोंड आखडलेल्या माणसाचा जबडा दोन बोटेही उघडत नाही, तिथे मागचा भाग दिसणेच मुश्कील. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१७ मध्ये संशयास्पद चट्ट्याच्या मूल्यमापनासाठी ही साधने वापरू नयेत असे सुचवले. तुकडा काढून तपासणे, म्हणजे बायोप्सी, हाच निर्णायक पुरावा.

मृत्यू कमी झाल्याचा भक्कम पुरावा मात्र नुसत्या डोळ्यांनी केलेल्या पाहणीचा आहे. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन तोंडे तपासली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तंबाखू वा दारूचे सेवन करणाऱ्यांत या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. तीस वर्षांवरील सर्वांची तोंडतपासणी करण्याच्या भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमातही भर याच साध्या पाहणीवर आहे.