कुणीच कॉल न केलेली फंक्शनं

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत कामाला जाणारी आमच्या दांडिया बाजारातली मुलं पंपाचे कंट्रोलर बनवतात. सेव्हन-सेगमेंट डिस्प्ले जाऊन एलसीडी आला, तरी सी भाषेतल्या कोडमध्ये जुन्या डिस्प्लेचं फंक्शन (नाव दिलेला कोडचा तुकडा; कॉल केला, म्हणजे नावाने बोलावला, की चालतो) तसंच पडून, कुणी कॉल करत नसताना. का, तर ‘राहू दे ना, चालतंय!’ पण एटीमेगा३२८ चिपवर प्रोग्रॅमला जागा मिळते ३२ किलोबाइट. जागा मुबलक असली तरी धोका असतोच: १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर व्यवहाराच्या कंपनीच्या सर्व्हरवर वर्षानुवर्षं निजलेला कोड चुकून जागा झाला आणि पाऊण तासात ४४ कोटी डॉलर बुडाले.

फंक्शन बिनवापराचं पडून आहे हे कंपायलर, म्हणजे कोड चिपच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम, सांगत का नाही? तो एका वेळी एकच फाइल बघतो. फंक्शन दुसऱ्या फाइलीतून कॉल होत असेल, हे त्याला धरून चालावंच लागतं. फंक्शनपुढे ‘स्टॅटिक’ लिहिलं की ते फाइलीपुरतंच राहतं आणि वापर नसेल तर जीसीसी हा कंपायलर ‘वॉल’ (-Wall) पर्यायावर लगेच इशारा देतो. इतका स्वस्त उपाय लोक का टाळतात, कळत नाही.

बाकीच्यांचा निकाल लिंकर (सगळ्या फाइली जोडून एक प्रोग्रॅम करणारा) लावतो, कारण सगळ्या फाइली त्याच्यापुढे येतात. मात्र एका फाइलीतली सगळी फंक्शनं त्याला एकाच गठ्ठ्यात मिळतात. कंपायलरच्या ‘फंक्शन-सेक्शन्स’ पर्यायाने ती सुटी होतात. मग लिंकरला ‘जीसी-सेक्शन्स’ पर्याय दिला की तो सुरुवातीच्या बिंदूपासून निघतो, कोण कोणाला कॉल करतं ते धरत जातो आणि जिथे पोचलाच नाही ते गाळतो. एकमेकांनाच कॉल करत बसलेली दोन फंक्शनंही यात सुटत नाहीत. गाळलेल्यांची यादीसुद्धा छापून मिळते.

गोची होते ती इंटरप्टची, म्हणजे चालू काम थांबवून हार्डवेअर ज्यांना बोलावतं त्या फंक्शनांची. टायमरचं फंक्शन कोडमधून कुणीच कॉल करत नाही, हार्डवेअर करतं. अशा फंक्शनांच्या पत्त्यांचा तक्ता लिंकर स्क्रिप्टमध्ये (लिंकरच्या सूचनांच्या फाइलीत) ‘कीप’ लिहून राखला नाही, तर बिल्ड (कोडपासून प्रोग्रॅम तयार करणं) विनातक्रार होतो आणि बोर्ड ढिम्म. उलट, मेनूच्या तक्त्यात जुन्या डिस्प्लेच्या फंक्शनचा पत्ता उरला असेल, तर तो पर्याय पडद्यावर कधीच येत नसला तरी लिंकर त्याला हात लावत नाही. ते माणसानेच शोधायचं.

मूळ कोडमधून खोडण्याआधी कंट्रोलरच्या प्रत्येक मॉडेलचा बिल्ड करून गाळलेल्यांच्या याद्या ताडून बघाव्यात. एका मॉडेलला नको असलेलं फंक्शन ‘इफडेफ’मागे (ठरावीक मॉडेललाच कोड घ्यायच्या अटीमागे) दुसऱ्या मॉडेलला लागत असतं. सगळ्याच याद्यांत असेल ते बेलाशक उडवा. कोडच्या जुन्या आवृत्त्या जपणाऱ्या गिटमध्ये जुनी प्रत असतेच.