मिटिंगच्या यादीआधी फोन होता

दारू सोडू पाहणाऱ्यांची मिटिंग जवळपास कुठे भरते, हे आज मोबाइलवर दोन मिनिटांत कळते. तरीही कितीतरी माणसे मोठ्या हिमतीने त्या पत्त्यावर जातात आणि कुलूप पाहून परत फिरतात. हे का होते, ते मिटिंगच्या यादीच्या जन्मकथेत सापडते.

११ मे १९३५. अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरातले मेफ्लॉवर हॉटेल. शेअरबाजारात काम करणारा बिल विल्सन न्यूयॉर्कहून धंद्यासाठी आला होता आणि ते काम फिसकटले होते. पाच महिने तो दारूला शिवला नव्हता. लॉबीच्या एका बाजूला बारमधला गलबला, दुसऱ्या बाजूला टेलिफोन आणि शहरातल्या चर्चची यादी. तो फोनकडे वळला. एका पाद्र्याने काही नावे दिली, त्यातून तो हेन्रिएटा सायबरलिंग यांच्यापर्यंत पोचला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला त्यांच्याकडे त्याची गाठ दारू सुटत नसलेल्या डॉ. बॉब स्मिथ या सर्जनशी पडली. डॉक्टर पंधरा मिनिटांच्या वर बसायचे नाही असे ठरवून आले होते. उठले तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. समोरचा माणूस उपदेश करत नव्हता, स्वतःच्या पिण्याबद्दल सांगत होता. १० जून हा डॉ. बॉब यांच्या शेवटच्या घोटाचा दिवस मानतात, आणि तोच अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचा, म्हणजे एएचा, स्थापनादिन.

म्हणजे सुरुवात मिटिंगपासून झालीच नाही. एका पिणाऱ्याने दुसरा पिणारा शोधला, तिथून झाली.

असा प्रयत्न पूर्वीही झाला होता. १८४० मध्ये बाल्टिमोरच्या सहा पिणाऱ्यांनी सुरू केलेली वॉशिंग्टोनियन चळवळ झपाट्याने पसरली आणि काही वर्षांतच विरली. दारूबंदीसारख्या बाहेरच्या वादांत ती ओढली गेली, हे त्यामागचे एक मोठे कारण.

१९३९ मध्ये एएचे पुस्तक निघाले, तेव्हा सदस्य जेमतेम शंभर होते. १ मार्च १९४१ रोजी ‘सॅटर्डे इव्हिनिंग पोस्ट’मध्ये लेख आला आणि न्यूयॉर्कच्या छोट्या कार्यालयात मदतीच्या पत्रांचा ढीग लागला. वर्षभरात सदस्य सुमारे २,००० वरून ८,००० वर गेले. ज्या गावात ग्रुप नव्हता तिथले पत्ते फिरतीवरच्या सदस्यांना दिले जात. त्यांनी कामाच्या वाटेवर त्या घरी डोकावून यायचे. शहरांतले ग्रुप वाढले तसे ते वर्गणी काढून सामायिक टेलिफोन आणि कार्यालय ठेवू लागले; त्याला इंटरग्रुप म्हणतात. मिटिंगची छापील यादी, म्हणजे वार, वेळ, पत्ता, याच इंटरग्रुप कार्यालयांची देणगी.

१९५० मध्ये क्लीव्हलंडच्या अधिवेशनात बारा परंपरा, म्हणजे ग्रुप कसे चालावेत याची तत्त्वे, स्वीकारल्या गेल्या, आणि यादीतल्या चुकांचे मूळ त्यातल्या चौथीत आहे. प्रत्येक ग्रुप स्वायत्त. वेळ बदलली, खोली सुटली, ग्रुप बंद पडला, तरी कळवण्याची सक्ती कुणावर नाही; कळवण्याचे काम बिनपगारी सेवकाकडे, आणि तो बदलला की नोंद तशीच राहते. मिटिंग गाइड हे एएचे अ‍ॅपसुद्धा स्थानिक कार्यालयांकडूनच माहिती घेते. तिथेच जुनी नोंद असेल तर अ‍ॅपमध्येही जुनीच दिसणार. २०२० मध्ये साथीमुळे मिटिंगा ऑनलाइन गेल्या. त्यातल्या काही परत खोलीत आल्या, काही आल्या नाहीत. म्हणून ‘ऑनलाइन’ की ‘प्रत्यक्ष’, हे आधी पाहावे.

यादीतला सर्वात जास्त गैरसमज होणारा शब्द म्हणजे ‘बंद’ मिटिंग. ‘बंद’ म्हणजे आधी नाव नोंदवलेल्यांसाठी, असे नव्हे. तिसऱ्या परंपरेनुसार पिणे थांबवण्याची इच्छा एवढीच अट आहे, त्यामुळे पहिल्यांदा येणारा बंद मिटिंगलाही बसू शकतो. सोबत बायको किंवा भाऊ येणार असेल तर मात्र ‘खुली’ निवडावी. कुटुंबीयांसाठी १९५१ पासून अल-अनॉन ही वेगळी संघटना आहे. फी कुठेच नसते. शेवटी पैशाची पिशवी फिरते. नव्या माणसाने त्यात काही टाकले नाही तरी चालते.

एएमधला देवाचा उल्लेख ज्यांना अडतो त्यांनी पाठ फिरवू नये. १९७५ पासून स्त्रियांसाठीची विमेन फॉर सोब्रायटी आणि १९९४ पासून स्मार्ट रिकव्हरी वेगळ्या पद्धतीने काम करत आहेत. मिटिंगांचा उपयोग होतो का, ही शंकाही रास्त आहे. वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात २७ अभ्यास आणि १०,५६५ सहभागी होते. पद्धतशीरपणे एएकडे वळवणारे उपचार दारूपासून सलग दूर राहण्याच्या बाबतीत इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरले.

एक गोष्ट मात्र मिटिंगच्याही आधीची. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू तोडली तर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम, थरथर, ताप अशी जिवावर बेतणारी अवस्था येऊ शकते. अशा माणसाने आधी डॉक्टरकडे जावे. डॉ. बॉबही १९३९ पासून अ‍ॅक्रनच्या सेंट थॉमस रुग्णालयात सिस्टर इग्नेशिया यांच्या मदतीने पिणाऱ्यांना दाखल करून घेत.

निघण्याआधी इंटरग्रुपच्या हेल्पलाइनला फोन करावा. ही मिटिंग या आठवड्यात नक्की आहे का? सुट्टीच्या दिवशी भरते का? इमारतीत कोणत्या दाराने, कितव्या मजल्यावर? मिटिंग बहुधा तासाची किंवा दीड तासाची असते, पण दहा मिनिटे आधी पोचलेले बरे. शेवटी हेही विचारावे: दारापाशी भेटायला कुणी येईल का? बहुतेक वेळा कुणीतरी येते.