कपड्यांच्या दुकानाचा विमा: कलमांमागचा इतिहास

कपड्यांच्या दुकानासाठी आज जी व्यावसायिक पॉलिसी मिळते, तिच्यात आग, चोरी, काच, बुडालेला नफा, ग्राहकाला झालेली इजा, कामगाराला झालेली इजा, संगणकावरचा हल्ला अशी कलमं एकाखाली एक येतात. वाचताना वाटतं, कुणीतरी एका बैठकीत सगळ्या संकटांचा विचार करून ही यादी केली असावी. तसं झालेलं नाही. यातलं जवळजवळ प्रत्येक कलम व्यापाऱ्यांचं आधी नुकसान झालं, तेव्हाच्या पॉलिसीने हात वर केले, आणि मग आलं. आधी इमारतीला संरक्षण मिळालं, मग मालाला, मग बुडालेल्या दिवसांना आणि त्यानंतर कुठे कपडा अंगात घालणाऱ्या आणि तो शिवणाऱ्या माणसाला. हा क्रम दुकानदाराने समजून घ्यावा असं मला मनापासून वाटतं, कारण पॉलिसीतल्या फटी आजही याच क्रमाने सापडतात.

विम्याच्या अगदी सुरुवातीच्या कागदपत्रांमध्येही कापड आहेच. इटलीतल्या प्रातो शहरातला फ्रांचेस्को दातिनी (1335–1410) लोकर आणि कापडाचा मोठा व्यापारी होता. त्याचं दप्तर 1870 साली त्याच्याच घरात सापडलं. त्यात लाखाहून जास्त पत्रं आहेत, हिशेबाच्या वह्या आहेत आणि समुद्रमार्गे जाणाऱ्या मालाचे विमा करारही आहेत. पण हा विमा प्रवासाचा होता. गासड्या जहाजातून उतरून वखारीत पोचल्या की करार संपला. तिथून पुढे आग लागली, चोर आला, छप्पर गळलं, तर तोटा व्यापाऱ्याचा. बंदरापर्यंतच्या जोखमीचा अंदाज विमा उतरवणाऱ्यांना बांधता येत होता, कारण प्रवासाला सुरुवात असते आणि शेवट असतो. फळीवर महिनोन्महिने पडून राहणाऱ्या मालाच्या जोखमीचं गणित अजून कुणाला मांडता येत नव्हतं.

ते मांडायला भाग पाडलं 1666 च्या लंडनच्या आगीने. सुमारे 13,200 घरं जळाली. लंडनमधल्या कापड व्यापाराचं मुख्य ठिकाण असलेला ब्लॅकवेल हॉलही त्यात गेला. त्यानंतर निकोलस बार्बन याने 1680 च्या सुमारास आगीचा विमा विकायला सुरुवात केली. विटांच्या घराला वार्षिक भाड्याच्या अडीच टक्के आणि लाकडी घराला पाच टक्के असा त्याचा दर होता. विमा फक्त इमारतीचा. भाड्याच्या गाळ्यात बसून रेशमी तागे विकणाऱ्याला त्याचा काडीचा उपयोग नव्हता, कारण त्याचं सगळं भांडवल भिंतींच्या आत होतं आणि भिंती दुसऱ्याच्या होत्या. घरातल्या आणि दुकानातल्या मालाला संरक्षण देणाऱ्या योजना अठराव्या शतकाच्या सुरुवातीला आल्या. 1710 साली सुरू झालेलं सन फायर ऑफिस त्यातलं सर्वांत टिकाऊ ठरलं. त्याच्या नोंदवह्यांत घरसामान, अंगावरचे कपडे आणि विक्रीचा माल यांच्या रकमा वेगवेगळ्या लिहिलेल्या दिसतात, आणि धंद्यात आगीचा धोका जास्त तसा हप्ताही जास्त. दुकानाच्या पॉलिसीचा सांगाडा इथे तयार झाला.

एकोणिसाव्या शतकात दुकानंच बदलली. पॅरिसमध्ये आरिस्तीद बूसिको 1852 साली बाँ मार्शेच्या धंद्यात आला आणि ते दुकान बघता बघता अवाढव्य झालं. ठरलेल्या किमती, मोठमोठ्या काचा, गॅसचे दिवे आणि एकाच छपराखाली प्रचंड माल. पूर्वी शंभर छोट्या दुकानांत विभागलेली जोखीम एका इमारतीत गोळा झाली. वखारींचंही तेच. जून 1861 मध्ये लंडनच्या टूली स्ट्रीटवर नदीकाठच्या गोदामांना आग लागली. आत कापूस, ताग, अंबाडी, चरबी असा माल गच्च भरलेला होता. आग दोन आठवडे धुमसत राहिली. अग्निशमन दलाचा प्रमुख जेम्स ब्रेडवुड अंगावर भिंत कोसळून गेला. तोवर लंडनमधलं हे दल विमा कंपन्याच चालवत होत्या. एवढे दावे भरावे लागल्यावर त्यांनी हप्ते वाढवले आणि दलाचा भार यापुढे आम्हाला पेलणार नाही असं सरकारला कळवलं. 1866 पासून हे काम सार्वजनिक यंत्रणेकडे गेलं.

अटलांटिकच्या पलीकडे 9 नोव्हेंबर 1872 ला बॉस्टनमध्ये भडकलेली आग तर कापड बाजारातच सुरू झाली. समर स्ट्रीटवरच्या एका घाऊक व्यापाराच्या इमारतीच्या तळघरात ठिणगी पडली आणि 776 इमारती गेल्या. त्या वर्षी घोड्यांमध्ये साथ पसरलेली असल्याने आगीचे बंब माणसांना ओढत न्यावे लागले. दगडी भिंतींवर लाकडी माळे होते आणि त्या माळ्यांवर भरलेला माल, त्यामुळे ज्वाळा रस्ता ओलांडून छपराछपरावरून पुढे गेल्या. शिकागोच्या 1871 च्या आगीपाठोपाठ वर्षभरातच हा दणका बसला, तेव्हा कित्येक विमा कंपन्या दिवाळखोरीत निघाल्या. पॉलिसी हातात असूनही व्यापाऱ्याला पैसे मिळाले नाहीत. कंपनीची दावे भरण्याची ताकद तपासायची सवय व्यापाऱ्यांना या दोन आगींनी लावली.

कपड्यांच्या बाबतीत एक गोष्ट खास आहे. माल जळावा लागत नाही, नुसता धूर लागला तरी तो वाया जातो. लोखंडी सामान पुसून विकता येतं, पण धुराचा वास बसलेला सुती शर्ट नवा म्हणून कुणी घेत नाही. वरच्या मजल्यावरची आग विझवताना खालच्या मजल्यावर येणारं पाणीही तेवढंच घातक. म्हणून 1866 मध्ये लंडनच्या विमा कंपन्यांनी स्वतःचं सॅल्व्हेज कोअर उभारलं. आग विझवणं हे त्यांचं काम नव्हतं. आग चालू असताना आत शिरून ते मालावर मेणकापड टाकत, पाण्याला वाट काढून देत आणि वाचेल तेवढं बाहेर काढत. हे दल 1984 पर्यंत चाललं. वाचलेला माल विकायचा कुणी आणि कशा अवस्थेत, यावरून मात्र नवा वाद निघाला. विमा कंपनीला तो विकून पैसे वसूल करायचे असत, तर नाव कमावलेल्या दुकानाला आपल्या लेबलचे धुरकट कपडे बाजारात नको असत. लेबल काढून मगच माल विकण्याची मुभा देणारं कलम आज मोठ्या ब्रँडच्या पॉलिसीत असतं, ते या ओढाताणीमुळे.

जोखीम कमी करणाऱ्याला सवलत मिळावी हा विचारही कापडधंद्यातूनच पुढे आला. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमधल्या झकाराया ॲलन या गिरणीमालकाने आपली गिरणी आगीपासून सुरक्षित व्हावी म्हणून खर्च केला. विमा कंपनीने हप्ता कमी करायला नकार दिला, तेव्हा 1835 मध्ये त्याने गिरणीमालकांची परस्पर विमा संस्था काढली. पुढे 1874 मध्ये हेन्री पार्मेली आणि 1881 मध्ये फ्रेडरिक ग्रिनेल यांनी आणलेले आपोआप सुटणारे पाण्याचे फवारे अशाच संस्थांनी उचलून धरले.

कमी रकमेचा विमा घेणाऱ्यांसाठी सरासरीचं कलम आलं, आणि कपड्यांच्या दुकानदाराचा घात सर्वांत जास्त तेच करतं. गणित सरळ आहे. दुकानात 100 चा माल आहे, विमा 60 चा काढलाय आणि नुकसान 50 चं झालं, तर मिळतात 30, कारण 40 टक्के जोखीम तुम्ही स्वतःकडे ठेवली होती असं धरलं जातं. किराणा दुकानातला साठा वर्षभर साधारण तेवढाच राहतो. कपड्यांचा साठा हंगामाच्या तोंडावर दुप्पट होतो आणि नंतर उतरतो. मंदीच्या महिन्यातला आकडा पॉलिसीत लिहून ऐन हंगामात आग लागली, तर हे कलम आडवं येतं. ठरावीक मुदतीने साठा कळवून त्यानुसार हप्ता ठरवण्याच्या पॉलिसी याच अडचणीवर निघाल्या. भरपाई लेबलवरच्या किमतीने मिळत नाही, हेही मुळातच ठरलेलं आहे. नुकसानीच्या दिवशी त्या मालाची जी किंमत असेल ती मिळते. गेल्या हंगामातला न खपलेला माल पूर्ण भावाने भरून मिळू लागला, तर आग हीच उत्तम गिऱ्हाईक ठरेल, ही विमा कंपन्यांची धास्ती फॅशनच्या धंद्यात निराधार नव्हती.

आता नफ्याकडे येऊ. माल भरून मिळाला, इमारत उभी राहिली, पण मधले सहा महिने दुकान बंद होतं. पगार, भाडं, व्याज चालूच. 1850 च्या दशकात फ्रान्सच्या आल्सास या कापड गिरण्यांच्या प्रदेशात आगीच्या दाव्यावर ठरावीक टक्के जास्तीची रक्कम देण्याची पद्धत सुरू झाली. पण त्यात प्रत्यक्ष तोट्याचा हिशेब नव्हता. थोडा माल जळूनही दुकान वर्षभर बंद राहू शकतं, आणि पुष्कळ माल जळूनही महिन्यात उघडू शकतं. 1899 मध्ये ग्लासगोच्या लुडोविक मान याने हिशेब उलाढालीवर बांधला. गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यांची विक्री घ्या, यंदाची तुटलेली विक्री तिच्याशी ताडून पाहा आणि जेवढी तूट येईल तिच्यावर नफ्याचा दर लावा. दुसरीकडे तात्पुरती जागा घेऊन विक्री टिकवली असेल, तर तो जादा खर्चही धरा. मान हा हौशी पुरातत्त्वज्ञ म्हणूनही ओळखला जातो, पण दुकानदारांवर त्याचे उपकार या हिशेबामुळे आहेत.

चोरीचं कलम लंडनच्या लॉइड्स या विमा बाजारातल्या कथबर्ट हीथने 1880 च्या दशकात रूढ केलं. लॉइड्स तोवर मुख्यतः जहाजांचा विमा उतरवत असे. काचेच्या विम्याला स्वतंत्र कंपन्या होत्या, आणि मार्च 1912 मध्ये मताधिकारासाठी लढणाऱ्या स्त्रियांनी लंडनच्या मोठ्या दुकानांच्या काचा फोडल्या, तेव्हा त्या विम्याचा कस लागला. चोरीच्या कलमातली एक मेख मात्र अजून तशीच आहे. बहुतेक पॉलिसी दार किंवा कुलूप तोडल्याच्या खुणा मागतात. ट्रायल रूममधून अंगावर चढवून नेलेला ड्रेस तिच्यात बसत नाही, आणि कपड्यांच्या दुकानातली बरीचशी चोरी नेमकी अशीच असते.

कपडा घालणाऱ्याच्या अंगाचा प्रश्न ऑस्ट्रेलियातल्या एका खटल्याने धसाला लावला. 1931 च्या हिवाळ्यात ॲडलेडच्या डॉ. ग्रँट यांनी जॉन मार्टिन या दुकानातून लोकरीचे आतले कपडे घेतले आणि न धुता घातले. त्याच दिवशी घोट्याजवळ खाज सुटली. खाजेचा पुढे भयंकर त्वचारोग झाला आणि ते आठवडेच्या आठवडे अंथरुणाला खिळले. कापडात तयार करतानाच्या प्रक्रियेतलं सल्फाइट राहून गेलं होतं. असे 47 लाखांहून जास्त कपडे आम्ही विकले आणि एकही तक्रार आली नाही, असं उत्पादक कंपनीचं म्हणणं होतं. खालच्या न्यायालयात ग्रँट जिंकले, वरच्यात हरले, आणि 1935 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयाने, निकाल पुन्हा त्यांच्या बाजूने दिला. निष्काळजीपणासाठी उत्पादक जबाबदार ठरला. पण त्याच्याबरोबर दुकानदारही जबाबदार ठरला, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. त्याने कपडा बनवला नव्हता आणि त्यातलं रसायन ओळखण्याचा कुठलाही मार्ग त्याच्याकडे नव्हता. तरी विकलेली वस्तू वापरण्याजोगी असली पाहिजे, ही हमी विक्रीतच असते. ‘मी फक्त विकतो’ म्हणणाऱ्या दुकानदारालाही उत्पादन दायित्वाचं, म्हणजे वस्तूमुळे ग्राहकाला झालेल्या इजेची भरपाई देणारं, कलम का लागतं, याचं उत्तर या निकालात आहे. पुढे अमेरिकेत झटकन पेट घेणाऱ्या रेयॉनच्या स्वेटरांमुळे मुलं-माणसं भाजली, तेव्हा 1953 मध्ये ज्वलनशील कापडावर कायदा आला आणि या दायित्वाची व्याप्ती आणखी वाढली.

शिवणाऱ्या माणसाची पाळी सर्वांत उशिरा आली. 25 मार्च 1911 ला न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्यातल्या आगीत 146 जण मेले, त्यात बहुतेक तरुण मुली होत्या. मालकांना मालाच्या विम्याचे पैसे मिळाले. मृतांच्या नातेवाइकांना 1914 च्या तडजोडीत प्रत्येकी 75 डॉलर मिळाले. कामगार भरपाईचा विमा हळूहळू अनेक देशांत सक्तीचा झाला, पण तो दुकानदाराच्या स्वतःच्या नोकरांपुरता. 24 एप्रिल 2013 ला बांगलादेशात राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळून 1,100 हून जास्त कामगार गेले. त्यांनी शिवलेले कपडे दूरदूरच्या देशांत विकले जात होते, पण विकणाऱ्यांच्या पॉलिसीत त्या कामगारांना जागा नव्हती. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या देखरेखीखाली 3 कोटी डॉलरचा निधी उभा करावा लागला, आणि तो पूर्ण भरायला जून 2015 उजाडलं. मला ही या सगळ्या इतिहासातली सर्वांत लाजिरवाणी फट वाटते.

2020 मध्ये महामारीने दुकानं बंद केली, तेव्हा बुडालेल्या नफ्याचं कलम पुन्हा उघडून वाचलं गेलं. बहुतेक ठिकाणी ते मालमत्तेच्या प्रत्यक्ष नुकसानीला बांधलेलं होतं, आणि इथे एक हँगरही जळाला नव्हता. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2021 मध्ये साथरोगाची किंवा सरकारी आदेशाने दुकानात प्रवेश बंद होण्याची वेगळी तरतूद असलेल्या पॉलिसींपुरता निकाल बऱ्याच अंशी विमाधारकांच्या बाजूने दिला. अशी तरतूद नसलेल्यांच्या हाती काही आलं नाही.

संगणकाचंही तसंच. टीजेएक्स या कपड्यांच्या स्वस्त विक्रीतल्या अमेरिकी साखळीने 2007 मध्ये आपल्याकडून सुमारे साडेचार कोटी कार्डांची माहिती चोरीला गेल्याचं जाहीर केलं. एप्रिल 2025 मध्ये ब्रिटनच्या मार्क्स अँड स्पेन्सरवर सायबर हल्ला झाला आणि त्यांची कपड्यांची ऑनलाइन विक्री सहा आठवड्यांहून जास्त काळ बंद राहिली. कंपनीने नफ्यावरच्या परिणामाचा अंदाज सुमारे 30 कोटी पौंड सांगितला. विम्यातून मिळाले 10 कोटी.